दुसरा गाभा जागा करितांना

शहरांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत संगणक किती आहेत असें विचारलें, तर घरांतील मंडळी बहुधा एक किंवा दोन असें उत्तर देतील. टेबलावर असतो तो एक आणि खिशांत असतो तो दुसरा. परंतु हा हिशेब फार अपुरा आहे. कपडे धुण्याचें यंत्र, भिंतीवरील वातानुकूलन-यंत्र, जिन्याशेजारची लिफ्ट आणि तळमजल्यावरील विजेचें नवें मीटर यांच्या पोटांत एकेक लहानसा संगणक दडलेला असतो. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. आणि त्यानें दिवसभर एकच नेमून दिलेलें काम करावें एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. अशा उपकरणांत बसविलेल्या संगणकांपैकीं कित्येकांत हल्लीं विचार करणारा गाभा एक नसून दोन असतात. यंत्र सुरू होतें त्या क्षणीं मात्र त्यांतील एकच कामाला लागतो व दुसरा निजून राहतो. त्याला कसें उठवावें, आणि उठविल्यावर त्याच्या हातून काम बिघडूं नये म्हणून काय करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. संगणकाचा जो भाग एकामागून एक आज्ञा वाचतो व त्या अमलांत आणतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. आणि एकाच तुकड्यावर असे आज्ञा पाळणारे दोन स्वतंत्र भाग कोरलेले असले म्हणजे त्यांतील प्रत्येकाला कोअर अथवा गाभा म्हणतात. दुसरा शब्द कर्नेल. बदामाच्या कवचाच्या आंत जसा गर असतो, तसा कार्यप्रणालीच्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटांतील हा मुख्य अंश होय. कोणतें काम आतां करावयाचें, कोणतें थांबवावयाचें, आणि कोणत्या कामाला स्मृतीची किती जागा द्यावयाची, हें तो ठरवितो.

हा संबंध एका कचेरीच्या दृष्टांतानें समजण्यासारखा आहे. गाभा हा कारकून, कामें ह्या त्याच्या मेजावरील फायली आणि कर्नेल म्हणजे कचेरीच्या नियमांचें पुस्तक. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. कर्नेल म्हणजे दोघां कारकुनांवर देखरेख करणारा कोणी तिसरा हेडक्लार्क नव्हे. तें पुस्तकच आहे; आणि फाईल बदलण्याची वेळ आली कीं कारकून स्वतःच तें उघडून त्यांतील नियमाप्रमाणें वागतो. कारकून एक होता तोंपर्यंत तें पुस्तक एका वेळीं एकाच्याच हातीं असे. दुसरा कारकून आला म्हणजे तेंच पुस्तक दोघे एकाच वेळीं उघडूं लागतात, आणि सर्व अडचणींचा उगम येथेंच होतो.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून आरपी-२०४० या नांवाचा तुकडा घेणें सोयीचें आहे. इंग्लंडांतील रास्पबेरी पाय या संस्थेनें तो जानेवारी २०२१ मध्यें बाजारांत आणला, आणि ज्या पट्टीवर तो बसविला होता तिची किंमत अवघे ४ डॉलर ठेविली. पिको हें त्या पट्टीचें नांव. या तुकड्यांत कॉर्टेक्स-एम०-प्लस जातीचे दोन गाभे आहेत, २६४ किलोबाईट स्मृति दोघांत सामाईक आहे, आणि १३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३ कोटी ३० लक्ष ठोके, ही त्याची प्रथम जाहीर झालेली गति होती. शाळकरी मुलांच्या खेळण्यापासून कारखान्यांतील मोजमापाच्या यंत्रापर्यंत तो पोंचला असल्यामुळें त्याची रीत पुष्कळांच्या परिचयाची आहे.

वीज सुरू होतांच या तुकड्यांतील दोन्ही गाभे एकदम चालूं लागतात आणि तुकड्यांत कायमच्या कोरलेल्या आरंभीच्या आज्ञा वाचूं लागतात. त्या आज्ञांत पहिलाच प्रश्न असा असतो कीं, तुझा क्रमांक कोणता? ज्याला शून्य असें उत्तर मिळतें तो पुढें जातो. ज्याला एक असें उत्तर मिळतें तो तेथेंच थांबतो व निजतो. त्याची ही निद्रा सावध असते. शेजाऱ्यानें हांक मारली कीं तो जागा होतो. दोघांमध्यें निरोप धाडण्यासाठीं दोन अरुंद नळ्या ठेविलेल्या आहेत, एक जाण्याची व एक येण्याची. प्रत्येकींत एका वेळीं आठ आंकडे मावतात, आणि जो आंकडा आधीं घातला तोच आधीं बाहेर येतो.

हांक मारण्याचा विधि ठरलेला आहे. शून्य क्रमांकाचा गाभा शेजाऱ्याकडे क्रमानें सहा आंकडे धाडतो. पहिले दोन शून्य, तिसरा एक. या तिहींचा अर्थ एवढाच कीं, आतां जें सांगितलें जाईल तें लक्ष देऊन ऐक. चौथा आंकडा हा इंटरप्टांच्या यादीचा पत्ता. बाहेरून एखादी तांतडीची हांक आली तर कोठें धांवावें हें त्या यादींत लिहिलेलें असतें. पांचवा आंकडा स्टॅकचा, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाचे कागद रचून ठेवावयाच्या जागेचा पत्ता. सहावा आंकडा पहिली आज्ञा जेथें आहे त्या स्थानाचा. प्रत्येक आंकडा मिळतांच दुसऱ्या गाभ्यानें तोच आंकडा परत उच्चारून दाखवावयाचा असतो. उच्चार चुकला तर सारा पाठ आरंभापासून पुन्हां. सहाहि आंकडे बिनचूक परत आले म्हणजे दुसरा गाभा उठून दिलेल्या पत्त्यावर जातो व कामाला लागतो. हा विधि पुरा होण्यास डोळ्याची पापणी लवण्याइतकाहि वेळ लागत नाहीं.

येथवर पोंचल्यावर नवशिक्याला वाटतें कीं, काम झालें. वस्तुतः येथें कामाला केवळ आरंभ होतो. गाभा जागा झाला खरा. परंतु नियमांच्या पुस्तकाला त्याची वार्ताच नाहीं. या तुकड्यावर पुष्कळ वेळां चालविलें जाणारें फ्री-आरटीओएस नांवाचें कर्नेल घ्या. तें मूळ रचलें गेलें तें एकच गाभा आहे असें गृहीत धरून. ‘या क्षणीं कोणतें काम चालूं आहे?’ या प्रश्नाला त्याच्या पोटांत एकच उत्तर लिहून ठेवण्याची जागा होती. दोन गाभे चालूं लागले म्हणजे या प्रश्नाचीं एकाच क्षणीं दोन उत्तरें असतात. तेव्हां एका जागेच्या ठिकाणीं दोन जागांची रांग करावी लागते, आणि ‘चालूं काम कोणतें?’ असें न विचारतां ‘माझ्या गाभ्यावरचें चालूं काम कोणतें?’ असें विचारण्याची संवय संबंध कर्नेलला लावावी लागते. अशा तऱ्हेची दुरुस्ती बरींच वर्षें वेगळ्या शाखेंत चालली होती. डिसेंबर २०२३ मध्यें निघालेल्या ११.०.० या आवृत्तींत ती मूळ प्रवाहांत आली. आतां गाभ्यांची संख्या सांगणाऱ्या एका ओळींत १ च्या ऐवजीं २ लिहिलें कीं पुढील फरक आपोआप घडतात. परंतु ती एक ओळ लिहिणाऱ्यानें तिच्या मागें काय दडलें आहे हें ओळखलें नाहीं, तर त्याची फजिती ठरलेली.

दोघांनीं एकच वही वापरली असतां काय होतें, हें गृहिणींना वेगळें सांगावयास नको. घराच्या जमाखर्चाच्या वहींत ५०० रुपये शिल्लक लिहिली आहे असें समजा. पतीनें २०० रुपये आणून पेटींत टाकले आणि त्याच वेळीं पत्नीनें शिवणकामाचे १०० टाकले. दोघांनींहि वहींतील ५०० हा आंकडा एकदमच पाहिला. पतीनें मनांत बेरीज करून ७०० लिहिले. लगेच पत्नीनें आपली बेरीज करून त्यावर ६०० लिहिले. पेटींत ८०० रुपये आहेत आणि वही म्हणते ६००. बेरीज दोघांचीहि बरोबर होती. चोरी कोणीं केली नाहीं. तरी २०० रुपये हिशेबांतून नाहींसे झाले. कारण पाहणें, मिळविणें आणि लिहिणें या तीन क्रिया एकीच्या होईपर्यंत दुसऱ्यानें वहीला हात लावूं नये, असा नियम घरांत नव्हता. दोन गाभ्यांच्या यंत्रांत स्मृतींतील एकाच आंकड्याची हीच गत होते, आणि ती सेकंदांत लक्षावधि वेळां होण्याचा संभव असतो.

एकच गाभा असतांना या रोगावर एक जुना व स्वस्त उपाय होता. तेथें कारकून एकच. त्याचें काम मध्येंच मोडतें तें दारावरची घंटा वाजली म्हणजे. या घंटेलाच इंटरप्ट म्हणतात. घड्याळाचा ठोका, बटन दाबलें जाणें, तारेवरून निरोप येणें, अशा कारणांनीं ती वाजते. तेव्हां नाजूक हिशेब लिहितांना क्षणभर घंटा बंद करून ठेवावी आणि हिशेब संपतांच पुन्हां सुरू करावी, एवढ्यानें भागत असे. एकगाभी यंत्रांसाठीं लिहिलेल्या असंख्य कार्यक्रमांत हीच युक्ति योजलेली आहे, आणि तेथें ती पूर्णपणें निर्दोष आहे.

दुसरा गाभा जागा होतांच मात्र ती निरुपयोगी होते. घंटा बंद केली तर दारावरचा पाहुणा आंत येत नाहीं हें खरें. पण दुसरा कारकून दाराबाहेर नाहींच, तो त्याच खोलींत समोर बसला आहे. शिवाय प्रत्येक गाभ्याची घंटा स्वतंत्र असते. एकानें आपली बंद केल्याची दुसऱ्याला खबरहि नसते. जुना कार्यक्रम या नव्या यंत्रावर एका अक्षराचाहि फरक न करितां चालतो, प्रयोगशाळेंत दहा दिवस बिनचूक उत्तरें देतो, आणि अकराव्या दिवशीं कारण न कळतां चुकतो. दुसऱ्या गाभ्याच्या बाबतींत खरा धोका आहे तो हाच. यंत्र मोडत नाहीं; त्याच्या पोटांत न लिहिलेलें एक गृहीत मात्र मोडलेलें असतें.

यावरील उपाय कुलपाचा. एकेरी रेल्वेमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून टोकनाची पद्धति फार वर्षांपासून प्रचारांत आहे. त्या टप्प्याचें एक टोकन ज्या ड्रायव्हरच्या हातीं दिलें असेल त्यालाच त्या टप्प्यांत गाडी घालतां येते. टोकन परत मिळेपर्यंत दुसऱ्या गाडीनें स्टेशनांतच उभें राहावयाचें. संगणकशास्त्रांत या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्यांत नेदर्लंड्सचे गणिती एड्स्गर डायक्स्ट्रा हे अग्रगण्य होत. अनेक संगणकांनीं एका वेळीं एकानेंच नाजूक भागांत शिरावें यासाठींची त्यांची युक्ति १९६५ मध्यें प्रसिद्ध झाली. अशाच कामासाठीं त्यांनीं योजिलेल्या दुसऱ्या एका साधनाला त्यांनीं रेल्वेच्या सिग्नलावरून सेमाफोर असें नांव दिलें.

परंतु कुलपालाहि एक पेंच आहे. कुलूप मोकळें आहे असें पाहणें आणि तें लावणें या दोन क्रिया झाल्या. त्यांच्या मध्यें दुसरा शिरला तर दोघांनाहि कुलूप आपणच लावलें असें वाटेल, आणि जमाखर्चाच्या वहीचाच प्रकार पुन्हां घडेल. म्हणून पाहणें व लावणें ही एकच अखंड क्रिया व्हावी अशी सोय यंत्रांतच असावी लागते. मोठ्या प्रोसेसरांत त्यासाठीं खास आज्ञा असतात. कॉर्टेक्स-एम०-प्लस या लहान गाभ्यांत त्या नाहींत. म्हणून आरपी-२०४० च्या रचनाकारांनीं तुकड्यांतच ३२ कुलपें निराळीं बसविलीं आहेत. त्यांतील कुलूप नुसतें वाचलें कीं तें लागतें. उत्तर शून्य आलें तर तें दुसऱ्याच्या ताब्यांत आहे असें समजावें. शून्याहून निराळें आलें तर आपल्या ताब्यांत आलें. दोन्ही गाभ्यांनीं अगदीं एकाच ठोक्याला तेंच कुलूप मागितलें तर तें शून्य क्रमांकाच्या गाभ्याला मिळतें, असा निवाडाहि आधींच करून ठेविला आहे. काम संपल्यावर त्या ठिकाणीं कांहींहि लिहिलें कीं कुलूप मोकळें होतें.

फ्री-आरटीओएस आपल्या कारभारासाठीं अशीं दोन कुलपें वापरतें, एक कामांकरितां व दुसरें घंटांकरितां. नाजूक भागांत शिरतांना प्रथम आपल्या गाभ्याची घंटा बंद करावयाची, मग कामांचें कुलूप घ्यावयाचें, मग घंटांचें. हा क्रम उलटा करण्याची कोणालाहि मुभा नाहीं, आणि यालाहि कारण आहे. एकानें वही उचलली व तो दौतीची वाट पाहत बसला. दुसऱ्यानें दौत उचलली व तो वहीची वाट पाहत बसला. तर दोघेहि प्रामाणिक असून कचेरी कायमची बंद पडेल. दोघांनींहि आधीं वही व मग दौत असा एकच क्रम पाळला तर हा प्रसंग येतच नाहीं.

कुलपांची व्यवस्था झाली कीं उरलेल्या गोष्टी तुलनेनें सोप्या आहेत. प्रत्येक गाभ्याला करण्यासारखें कांहीं नसेल तेव्हां स्वस्थ बसण्याचेंहि एक काम द्यावें लागतें. गाभे दोन म्हणून तीं कामेंहि दोन. घड्याळाचा ठोका मात्र एकाच गाभ्यानें मोजावयाचा, नाहींतर वेळ दुप्पट वेगानें धांवेल. आणि एका गाभ्यावर चाललेल्या व्यवहारांतून दुसऱ्यासाठीं अधिक महत्त्वाचें काम निघालें, तर त्याला खांद्यावर हात ठेवून कळविण्याची सोय हवी. तीहि एका खास घंटेनें केली जाते.

एक अडचण मात्र कुलपानें सुटत नाहीं. अशा कर्नेलमध्यें कामांना प्रतिष्ठेच्या पायऱ्या लावलेल्या असतात, आणि वरच्या पायरीचें काम चालूं असेतोंवर खालच्यानें चालावयाचें नाहीं असा एकगाभी कचेरींतील शिरस्ता आहे. कित्येक जुन्या कार्यक्रमांच्या लेखकांनीं या शिरस्त्यावर विसंबून कुलूप लावलेंच नाहीं. कारण वरचें काम चालूं असतां खालचें मध्यें येईल ही शक्यताच नव्हती. दोन गाभ्यांवर वरचें व खालचें हीं दोन्ही कामें शेजारीं शेजारीं चालूं लागतात. यासाठीं फ्री-आरटीओएसमध्यें दोन सोयी आहेत. निरनिराळ्या पायऱ्यांच्या कामांनीं एका वेळीं चालूं नये असा निर्बंध घालतां येतो. किंवा अमुक काम अमुकच गाभ्यावर चालावें असें बांधून देतां येतें. पहिल्या सोयीनें सुरक्षितता मिळते, परंतु दुसरा गाभा पुष्कळ वेळ रिकामा राहतो. जुन्या घरांत नवी सून आल्यावर पहिले कांहीं दिवस तिला एकच खोली सांभाळावयास द्यावी, त्यांतला हा प्रकार.

मोठ्या कार्यप्रणालींनाहि याच वाटेनें जावें लागलें आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्यें एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय प्रथम १९९६ मध्यें २.० या आवृत्तींत आली. तेव्हां सबंध कर्नेलला एकच मोठें कुलूप लावण्यांत आलें होतें, म्हणजे नियमांचें पुस्तक एका वेळीं एकानेंच उघडावयाचें. पुढें एकेका प्रकरणाला स्वतंत्र कुलूप होत गेलें, आणि तें जुनें मोठें कुलूप पार काढून टाकण्यास २०११ साल उजाडलें. जगांतील निष्णात कारागिरांना जेथें पंधरा वर्षें लागलीं, तेथें एक ओळ बदलून काम भागेल असें कोणीं समजूं नये.

इतकें करून लाभ किती, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकन यंत्रज्ञ जीन ॲम्डाल यांनीं १९६७ मध्यें मांडलेला विचार येथें उपयोगी पडतो. एखादें काम ४० मिनिटांचें आहे, आणि त्यांतील १० मिनिटांचा भाग असा आहे कीं तो दोघांत वांटून देतां येत नाहीं. उरलेल्या ३० मिनिटांचें काम दोघांनीं १५ मिनिटांत केलें. एकूण वेळ २५ मिनिटें. कारकून दुप्पट झाले, काम मात्र दीडपटीहून थोडें अधिक वेगानें झालें. कुलपाची वाट पाहण्यांत जाणारा वेळ या हिशेबांत धरलेलाच नाहीं. तो धरला तर लाभ आणखी कमी होतो. म्हणून एक गाभा पुरत असेल तेथें दुसऱ्याला निजूं देणें हेंच शहाणपणाचें. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत तर निजलेल्या गाभ्यानें विजेचीहि बचत होते.

या सर्व काळजीची किंमत काय, हें ज्यांनीं तिची हेळसांड केली त्यांच्या अनुभवावरून समजतें. थेरॅक-२५ नांवाचें किरणोपचाराचें यंत्र अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत वापरांत होतें. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या अवधींत त्याच्याकडून सहा रोग्यांना प्रमाणाबाहेर भयंकर किरणमात्रा दिली गेली, आणि त्यांतील कांहीं दगावले. त्या यंत्रांत गाभा एकच होता. परंतु अनेक कामें एकाच स्मृतींतील आंकडे कुलपावांचून वापरीत होतीं. टेक्सासमधील दोन अपघातांत कारण असें निघालें कीं, यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीनें पडद्यावरील चूक चपळाईनें, सुमारे आठ सेकंदांच्या आंत, दुरुस्त केली, आणि एका कामाला झालेला बदल दुसऱ्याला कळलाच नाहीं. हळू हातानें चांचणी घेणारांना तो दोष दिसणें शक्यच नव्हतें. आधींच्या नमुन्यांत असलेले यांत्रिक अडसर या यंत्रांत काढून टाकलेले असल्यामुळें चुकलेल्या आंकड्याला अडविणारें कांहीं उरलें नव्हतें. जेथें एका गाभ्यावर असें घडूं शकतें, तेथें खरोखरीच एकाच क्षणीं चालणाऱ्या दोन गाभ्यांच्या हातीं सामाईक वही देतांना किती सावध राहिलें पाहिजे, हें निराळें सांगावयास नको.

म्हणून उपकरणांतील दुसरा गाभा जागा करूं इच्छिणाऱ्यानें सहा आंकड्यांच्या हांकेपूर्वीं आपल्या कार्यक्रमाची सामाईक वही उघडून पाहावी. कोणता आंकडा दोघांच्या हातीं जाणार आहे, त्याला कुलूप आहे काय, कुलपें एकाहून अधिक असल्यास सर्वत्र एकाच क्रमानें घेतलीं जातात काय, आणि ‘मी काम करीत असतां दुसरा कोणी काम करीत नाहीं’ असें न लिहिलेलें गृहीत कोठें दडून बसलें आहे काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून शेजाऱ्याला उठवूं नये. हांक मारणें हें क्षणाचें काम आहे. ज्या घरांत त्याला बोलवावयाचें तें घर दोघांना नांदण्यायोग्य करणें, हेंच खरें काम होय.